ट्रायलचा कागद पुढे आला तर

मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत आपला नंबर लागतो. तपासणी होते, आणि मग डॉक्टर किंवा त्यांच्याबरोबरची एखादी ताई म्हणते, "आमच्याकडे एका नवीन औषधाची ट्रायल चालू आहे. तुम्ही त्यात येता का? औषध मोफत, तपासण्या मोफत, येण्याजाण्याचा खर्चही मिळेल." पुढ्यात आठ-दहा पानांचा कागद येतो. सही कुठे करायची, तिथे पेन्सिलने खूण केलेली असते.

अशा वेळी वस्तीत आम्हाला दोन प्रकारची उत्तरे ऐकू येतात. काही जण म्हणतात, "गरिबावर प्रयोग करतात, त्या वाटेलाच जाऊ नका." काही जण म्हणतात, "एवढ्या मोठ्या डॉक्टरने सांगितले, आपण काय विचारणार?" आमच्या मते ही दोन्ही उत्तरे डोळे झाकून दिलेली आहेत. ट्रायलला होकार द्यावा की नकार, हे प्रत्येकाने आपापले ठरवावे. पण ते समजून ठरवावे, आणि समजण्यासाठी जे विचारायचे ते विचारण्याचा कायद्याने आपल्याला हक्क दिला आहे, हे माहीत असावे. त्यासाठी हा लेख.

ट्रायल म्हणजे उपचार नव्हे

ही गोष्ट पहिल्यांदा पक्की करू या. उपचार करताना डॉक्टर आपल्यासाठी जे चांगले, ते देतात. ट्रायलमध्ये एक प्रश्न सोडवायचा असतो: हे औषध काम करते का, आणि ते सुरक्षित आहे का? उत्तर आधी माहीत असते, तर ट्रायलची गरजच पडली नसती.

ट्रायलचे टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात थोड्याच, बहुतेक वेळा निरोगी माणसांना औषध देऊन ते शरीराला कितपत सोसते, हे पाहतात. दुसऱ्या टप्प्यात तो आजार असलेल्या काही रुग्णांवर परिणाम आणि योग्य डोस पाहतात. तिसऱ्या टप्प्यात शेकडो किंवा हजारो लोकांवर नव्या औषधाची तुलना करतात. औषध बाजारात आल्यावर जी नजर ठेवली जाते, तो चौथा टप्पा. म्हणून "ट्रायल कितव्या टप्प्याची आहे?" हा आपला पहिला प्रश्न असावा. जितका टप्पा आधीचा, तितकी औषधाबद्दलची माहिती कमी.

तुलनेसाठी लोकांचे गट पाडतात. कोण कोणत्या गटात जाणार, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते. एका गटाला नवे औषध मिळते. दुसऱ्याला जुने औषध किंवा नुसती तशीच दिसणारी गोळी, जिच्यात औषध नसते. तिला प्लासिबो म्हणतात. आपल्याला काय मिळाले, हे अनेकदा आपल्यालाही माहीत नसते आणि डॉक्टरांनाही नसते. यात फसवणूक नाही. माहीत झाले तर बरे वाटणे-न वाटणे यावर मनाचा परिणाम होतो, म्हणून तशी पद्धत आहे. पण "तुम्हाला नवे औषध मिळेलच असे नाही" हे आधी स्पष्ट सांगितलेच पाहिजे. ते लपवले तर मात्र ती फसवणूक होते.

आपल्या घरातल्या गोळीची गोष्ट

विदर्भात सिकलसेल हा आजार आदिवासी समाजांत आणि आपल्या समाजात मोठ्या प्रमाणावर आहे. ज्या घरात एसएस मूल आहे, त्या घराला हाडे फोडणारी ती कळ, रात्रीबेरात्री दवाखान्यात नेणे आणि सलाईन हे सांगायला नको. अशा अनेक रुग्णांना आज हायड्रॉक्सियुरिया हे औषध देतात. ते कुठून आले?

अमेरिका आणि कॅनडातल्या २१ केंद्रांवर सिकलसेलच्या २९९ प्रौढ रुग्णांनी एका ट्रायलमध्ये भाग घेतला. बहुतेक सगळे कृष्णवर्णीय होते. १५२ जणांना हायड्रॉक्सियुरिया दिले, १४७ जणांना प्लासिबो. औषध घेणाऱ्यांना वर्षाला साधारण अडीच वेळा कळा आल्या, प्लासिबो घेणाऱ्यांना साडेचार वेळा. फरक इतका स्पष्ट दिसला, की १९९५ साली ती ट्रायल ठरल्या वेळेआधीच थांबवली आणि निकाल जाहीर केला. १९९८ मध्ये अमेरिकेत सिकलसेलसाठी या औषधाला मान्यता मिळाली. त्याच ट्रायलमध्ये हेही कळले, की या औषधाने रक्तातल्या पेशी कमी होऊ शकतात. म्हणूनच आपल्या मुलाला हे औषध चालू असताना वरचेवर रक्त तपासायला बोलावतात.

याचा अर्थ असा, की त्या २९९ माणसांनी होकार दिला म्हणून आज आपल्या मुलांच्या कळा कमी होतात. ज्या आजाराने आपली घरे पोळली आहेत, त्याच्या औषधांचे संशोधन आपल्याला वगळून झाले, तर ते औषध आपल्या शरीराला किती लागू पडते हे कळणार कसे? म्हणून "ट्रायल म्हणजे वाईटच" असे आम्ही म्हणत नाही.

आणि ही दुसरी बाजू

त्याच अमेरिकेत, अलाबामा राज्यातल्या टस्कीगी इथे, १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास चालवला. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस, म्हणजे गरमीचा आजार होता. त्यांना आजाराचे खरे नाव सांगितले नाही, "रक्त खराब आहे" एवढेच सांगितले. मोफत तपासणी, जेवण आणि मेल्यावर अंत्यविधीचा खर्च, असे आमिष होते. पेनिसिलिनने हा आजार बरा होतो हे कळल्यावरही त्यांना ते दिले नाही. १९९७ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सरकारच्या वतीने माफी मागितली.

या माणसांना इतकी वर्षे त्या अभ्यासाशी बांधून ठेवणारी व्यक्ती होती एक नर्स, युनिस रिव्हर्स. ती स्वतः कृष्णवर्णीय, मायाळू, घरोघर जाणारी. तिच्यावर लोकांचा विश्वास होता. आम्ही स्वतः सिस्टर म्हणून वॉर्डात काम केले आहे, म्हणून सांगतो: सिस्टर आपल्यातली आहे, गोड बोलते, एवढ्यावर सही करू नका. विश्वास माणसावर जरूर ठेवा, सही मात्र कागद समजल्यावरच करा.

आपल्या देशातले अगदी अलीकडचे उदाहरण भोपाळचे. २०२० च्या अखेरीस तिथल्या पीपल्स विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात कोव्हॅक्सिन लशीची तिसऱ्या टप्प्याची ट्रायल सुरू झाली. यात निम्म्यांना लस आणि निम्म्यांना प्लासिबो होते. गरीबनगर, शंकरनगर अशा जवळच्या वस्त्यांतल्या लोकांनी, ज्यांत गॅसपीडित घरेही होती, पत्रकारांना सांगितले की गाडीवरून पुकारा झाला, ७५० रुपये मिळतील असे कळले, आणि आपल्याला कोरोनाची लसच टोचत आहेत असे वाटून आम्ही गेलो. काहींनी सांगितले की संमतीपत्राची प्रतही हाती दिली नाही. रुग्णालयाने आणि कंपनीने हे आरोप नाकारले. कोण किती खरे, हा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. ज्याचे पोट हातावर आहे आणि टाळेबंदीत ज्याची मजुरी बुडाली आहे, त्याच्यासाठी ७५० रुपये ही लहान रक्कम नसते. अशा माणसाला "हा प्रयोग आहे, यात तुम्हाला पाणीच मिळू शकते" हे दोनदा समजावून सांगायला हवे.

कायदा काय देतो

२०१२ साली इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. त्या प्रकरणात सरकारनेच सांगितले, की २००५ ते २०१२ या काळात ४७५ नव्या औषधांच्या ट्रायलमध्ये २,६४४ माणसे दगावली, आणि त्यातले ८० मृत्यू ट्रायलमुळे झाले. बाकीच्यांत अनेक जण आधीच गंभीर आजारी होते, हे खरे. पण तेव्हापासून नियम कडक होत गेले. आज 'नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम, २०१९' लागू आहेत. त्यातल्या आपल्या कामाच्या गोष्टी अशा:

- संमती लेखी हवी, आणि माहिती आपल्याला समजेल अशा भाषेत हवी. वाचता येत नसेल, तर ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा.
- माहितीपत्रक आणि सही केलेल्या संमतीपत्राची प्रत आपल्याला मिळालीच पाहिजे.
- अगदी नव्या औषधाची ट्रायल असेल आणि भाग घेणारा दुर्बल गटातला असेल, तर संमती घेतानाचे ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग करावे लागते. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी फक्त आवाजाचे रेकॉर्डिंग करतात, म्हणजे चेहरा उघड होत नाही.
- ट्रायलमधून केव्हाही बाहेर पडता येते. त्यासाठी कारण द्यावे लागत नाही. बाहेर पडलात म्हणून त्या रुग्णालयातले आपले नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.
- ट्रायलमध्ये इजा झाली तर मोफत उपचार मिळतात. ते गरज असेपर्यंत, किंवा इजेचा ट्रायलशी संबंध नाही हे सिद्ध होईपर्यंत चालू राहतात.
- गंभीर घटना घडली, तर डॉक्टरांनी २४ तासांत वर कळवायचे असते.
- ट्रायलमुळे कायमची इजा किंवा मृत्यू झाला, तर नुकसानभरपाई मिळते. आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत कंपनीने ती द्यायची असते.

भरपाई किती, हे सूत्राने ठरते. ८ लाख रुपये ही मूळ रक्कम धरतात, मग वय आणि आधीची प्रकृती पाहतात. तीस वर्षांच्या निरोगी माणसाचा मृत्यू ट्रायलमुळे झाला, तर ही रक्कम ६० लाखांच्या वर जाते. संमतीपत्रावर वारसाचे नाव आणि पत्ता यांचा रकाना असतो, तो यासाठीच. हा रकाना कधीही कोरा सोडू नका.

सही करण्याआधी विचारायचे प्रश्न

१. ही ट्रायल कितव्या टप्प्याची आहे, आणि किती दिवस चालेल?
२. मला प्लासिबो मिळू शकतो का? मिळाला तर माझे चालू औषध बंद होईल का?
३. ट्रायलमध्ये आलो नाही, तर या आजारावर दुसरा कोणता उपचार आहे?
४. कोणते त्रास होऊ शकतात? रात्री त्रास झाला तर फोन कोणाला करायचा?
५. किती वेळा यावे लागेल, किती वेळा रक्त काढाल, आणि बुडालेल्या मजुरीचे काय?
६. ट्रायल संपल्यावर हे औषध मला मिळत राहील का?
७. सीटीआरआय नंबर काय?

शेवटचा प्रश्न लहान दिसतो, पण मोठा आहे. सीटीआरआय म्हणजे सरकारचे ट्रायल नोंदणी पुस्तक. २००९ पासून देशातल्या प्रत्येक औषधाच्या ट्रायलची तिथे नोंद सक्तीची आहे. वस्तीतला कॉलेजात जाणारा कोणताही मुलगा-मुलगी मोबाईलवर तो नंबर टाकून पाहू शकते: कोणते औषध, कोणती कंपनी, कोणती रुग्णालये. नंबर सांगायला कोणी टाळाटाळ केली, तर तिथेच थांबा.

मुलाला ट्रायलमध्ये घ्यायचे असेल, तर आई-वडिलांची संमती लागते. पण सात वर्षांवरच्या मुलालाही त्याच्या भाषेत सांगून त्याचा होकार घ्यायचा असतो. बाई गरोदर असेल, अंगावर पाजत असेल किंवा पाळी चुकली असेल, तर ते आधीच सांगावे. आणि पैशासाठी एकाच वेळी दोन ठिकाणी ट्रायलमध्ये नाव देऊ नये. दोन औषधे अंगात एकत्र आली तर काय होईल, हे कोणालाच सांगता येणार नाही.

कागद घरी आणा

सही त्याच दिवशी केली पाहिजे असा नियम नाही. "कागद घरी नेतो, घरच्यांशी बोलून सांगतो," असे म्हणा. हे म्हटल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही. चांगला डॉक्टर उलट खूश होतो, कारण समजून आलेला माणूस तारखा चुकवत नाही आणि त्रास लपवत नाही. घरी आणलेला कागद कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. रविवारी विहारात चार शिकलेली मुले येतात, त्यांना वाचायला सांगा. जो शब्द अडेल, त्याखाली रेघ मारा आणि तोच शब्द दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारा.

ट्रायलमध्ये गेलात, तर एक पिशवी वेगळी ठेवा. त्यात संमतीपत्राची प्रत, माहितीपत्रक, डॉक्टरांचा नंबर, प्रत्येक भेटीची तारीख आणि झालेला प्रत्येक त्रास लिहिलेला कागद असावा. दुसऱ्या दवाखान्यात जावे लागले, तर "मी ट्रायलमध्ये आहे" हे तिथे आधी सांगा आणि तिथली चिठ्ठी, बिल जपून ठेवा. तक्रार असेल तर माहितीपत्रकावर रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीच्या अध्यक्षांचे नाव आणि संपर्क छापलेला असतो. या कमिटीत किमान सात सदस्य असतात, आणि निम्मे तरी रुग्णालयाबाहेरचे असावे लागतात. तिथे दाद मिळाली नाही, तर केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे लिहा. तिचे पश्चिम विभागाचे कार्यालय मुंबईत आहे. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

ही पिशवी घरात कुठे ठेवली आहे, हे ज्याचे नाव वारस म्हणून लिहिले आहे त्याला आजच सांगून ठेवा.