संकटाचा प्रकल्प होतो तेव्हा

ठरलेले काम ठरलेल्या मुदतीत व खर्चात तडीस नेण्याची शिस्त म्हणजे प्रकल्प व्यवस्थापन, तर माहिती अपुरी, वेळ थोडा आणि चुकीची किंमत मोठी असताना संस्था सावरण्याचे काम म्हणजे संकट व्यवस्थापन. ही दोन शास्त्रे एकमेकांत किती गुंतलेली आहेत, हे पुण्याजवळच्या हिंजवडीतील राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानात २०२० साली स्पष्ट दिसले.

परदेशी ग्राहकांची कामे सांभाळणाऱ्या येथील कंपन्यांकडे जोखीम-नोंदवही, म्हणजे संभाव्य अडचणी, त्यांची शक्यता व त्यांवरील उपाय यांची यादी, आणि कामकाज-सातत्याचा आराखडा ही दोन्ही साधने होती. मात्र असे आराखडे बहुधा एखादी इमारत किंवा फार तर एक शहर बंद पडेल व काम दुसऱ्या शहरात हलवता येईल, या गृहीतावर बेतलेले असत. मार्चमधील कोविड टाळेबंदीने सगळी शहरे एकदमच बंद झाली. दूरसंचार विभागाने १३ मार्चला घरून काम करण्यासंबंधीच्या अटी शिथिल केल्या खऱ्या, पण टेबलावरचे संगणक कर्मचाऱ्यांच्या घरी पोहोचवणे, ग्राहकाची संमती मिळवणे व माहितीची सुरक्षितता राखणे ही कामे उरलीच, आणि ती पार पाडायला क्रम, जबाबदारी व मुदत लागते, म्हणजेच प्रकल्प व्यवस्थापनाची हत्यारे लागतात.

याहून बोलके उदाहरण विप्रो या माहिती तंत्रज्ञान कंपनीच्या हिंजवडी येथील संकुलाचे आहे. ५ मे २०२० रोजी कंपनीने महाराष्ट्र शासनाशी सामंजस्य करार केला आणि तेथे ४५० खाटांचे कोविड रुग्णालय उभारून ३० मेपर्यंत सोपवण्याचे ठरले. प्रत्यक्षात ते जूनमध्ये सुरू झाले. चार आठवड्यांहून कमी मुदतीत कार्यालयाचे रुग्णालय करायचे, तर कामाची व्याप्ती काटेकोर आखावी लागते, आणि करारात ती तशी आखलेली होती: रुग्णालय मध्यम स्वरूपाच्या रुग्णांसाठी, अत्यवस्थ रुग्णांना मोठ्या रुग्णालयात हलवण्यापूर्वी स्थिर करण्यासाठी १२ खाटा, डॉक्टर व कर्मचाऱ्यांच्या निवासासाठी २४ खोल्या, इमारत व उपकरणे कंपनीची. सर्व काही करण्याचा मोह टाळून काय करायचे नाही हे आधी ठरवणे, हाच या कराराचा सर्वांत मोलाचा भाग मानायला हवा.

तरीही दोन्ही पद्धती एक नव्हेत. प्रकल्पात प्रत्येक बदलाला रीतसर मंजुरी लागते. संकटात त्या मंजुरीची वाट पाहणे घातक ठरू शकते. म्हणून पहिल्या काही दिवसांत निर्णयाचा अधिकार मोजक्या हातांत असावा आणि परिस्थितीचा अंदाज येताच काम प्रकल्पाच्या चौकटीत आणावे, असा क्रम योग्य ठरतो. अनेक संस्था अडखळतात त्या नेमक्या या हस्तांतरणाच्या टप्प्यावर, कारण तातडीचे अधिकार कोणी, केव्हा परत करायचे हे कुठेच लिहिलेले नसते. विप्रोच्या करारात मात्र वर्षभरानंतर ते संकुल पुन्हा माहिती तंत्रज्ञानाच्या कामासाठी पूर्ववत करण्याची तरतूद पहिल्याच दिवशी नोंदवलेली होती.