मालकाचा निरोप कामगारापर्यंत पोहोचतो का?

कारखानदाराला भांडवलाची, कच्च्या मालाची आणि बाजारभावाची चिंता असते. परंतु काल घेतलेला निर्णय आज मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला कळला की नाही, आणि कळला तर कोणाच्या तोंडून, याची चौकशी फार थोडे मालक करतात. या दुर्लक्षाची किंमत काय असते हे समजून घ्यायचे तर डिलाईल रोडचा इतिहास पाहावा.

या रस्त्यावर व आसपास गिरण्या होत्या आणि बी. डी. डी. चाळींत गिरणी कामगार राहत. गिरणीतील वरिष्ठ साहेब बहुधा इंग्रजी किंवा गुजराती बोलणारा. कामगार कोकणातला व घाटावरचा. विणाई खात्यात उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकरही पुष्कळ. साहेब आणि कामगार यांच्यामध्ये असे जॉबर. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करी. माणूस कामावर घेणे, रजा देणे, बदली कामगाराला पाळी देणे, सारे जॉबरच्या हाती आणि त्याबद्दल दस्तुरीही त्याचीच. साहेबाचा हुकूम खाली येई तो जॉबरच्या शब्दांत. कामगाराची तक्रार वर जाई ती जॉबरला सोयीची असेल तरच. कापडाच्या नव्या जातीचा दर कमी बसला, तर विणकराला ते पगाराच्या दिवशी कळे. मग साचे बंद पडत आणि साहेब विचारत बसे की कामगार अचानक का बिथरले!

विशेष म्हणजे हा दोष ओळखणाऱ्यांपैकी एकाचे नाव आज याच रस्त्याला आहे. कामगार पुढारी नारायण मल्हार जोशी हे १९२९ साली नेमलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबरचे सभासद होते. १९३१ च्या अहवालात कमिशनने शिफारस केली की नोकरभरती जॉबरच्या हातून काढून घ्यावी आणि कारखान्यात लेबर ऑफिसर नेमावा. तो फक्त मुख्य व्यवस्थापकाला जबाबदार असावा आणि त्याला कामगारांची भाषा यावी. १९३४ च्या मुंबईच्या कायद्याने सरकारी लेबर ऑफिसर आला, पण जॉबरचे वजन हळूहळूच कमी झाले.

पुढे १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटीचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त युनियनला मिळाला. गिरणी धंद्यात ही युनियन म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघ. १९८१ साली बोनसवरून कामगारांनी त्या युनियनकडे पाठ फिरवली व ते डॉ. दत्ता सामंतांकडे गेले. तरी कायद्याप्रमाणे बोलणी जुन्याच दारातून व्हायची होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संपाची कारणे पगाराची व बदली कामगारांच्या हालाची होती. नुसत्या संवादाने तो टळला असता असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण ज्याच्यावर कामगाराचा विश्वास होता त्याच्याशी मालक बोलू शकत नव्हते, आणि ज्याच्याशी बोलत होते त्याचे कामगार ऐकत नव्हते. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. हजारो कुटुंबे गावी परतली आणि बरेच काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे गेले.

खाणधंद्यातही मधला माणूस असतोच. चंद्रपूर, वणी, उमरेड भागातील वेस्टर्न कोलफील्ड्सच्या भूमिगत खाणींत त्याला मायनिंग सरदार म्हणतात. परंतु येथे निरोप चुकला तर माणसाचा जीव जातो. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाळा खाणीत पाणी घुसून ३७५ माणसे गेली, यावरून खाणीतल्या धोक्याची कल्पना यावी. म्हणूनच सरदाराला परीक्षा देऊन दाखला मिळवावा लागतो. छत कसे आहे, वायू आहे का, पाणी कोठे झिरपते हे तपासून त्याने बांधीव वहीत लिहून सही करायची असते. त्याच्या मर्जीवर सोपवलेले काम थोडे. शिवाय १०० हून अधिक माणसे असलेल्या खाणीत सुरक्षा समिती, आणि ५०० किंवा अधिक असतील तेथे युनियनच्या सल्ल्याने नेमलेले कामगार निरीक्षक, अशी तरतूद खाण नियमांत करण्यात आली. म्हणजे सरदाराने सांगितले नाही तरी धोक्याची बातमी वर जायला दुसरी वाट राहिली.

१९५२ च्या खाण कायद्याने नियमांचा सारांश इंग्रजीखेरीज अन्य भाषांतही खाणीजवळ लावण्याचे बंधन घातले होते. मात्र पाटी लावली म्हणजे काम झाले असे नाही. विदर्भाच्या खाणपट्ट्यात मराठी-हिंदीबरोबर तेलुगू व गोंडी बोलणारे कामगारही आहेत, आणि सर्वांना वाचता येतेच असेही नाही. सूचना दिल्यावर ती कामगाराकडून परत वदवून घेणे हा त्यावर साधा आणि बिनखर्चाचा उपाय आहे.

आपले यंत्रमाग, वर्कशॉप किंवा शिलाईचा कारखाना लहान असला तरी तेथे मुकादम असतोच. मुकादम वाईट असतो असे मुळीच नाही. पण दर, सुट्टी, पगारातील कपात आणि कामावरून कमी करणे या चार गोष्टी त्याच्या तोंडून कधीही कळवू नयेत. त्या मालकाने स्वतः, बदल लागू होण्यापूर्वी, कारणासह सांगाव्यात आणि कामगारांना येणाऱ्या भाषेत लिहून लावाव्यात. पाळी बदलताना मशीनचा बिघाड वहीत लिहिण्याची खाणीतली पद्धतही घेण्यासारखी आहे.

ज्यांच्याकडे २० किंवा अधिक कामगार आहेत त्यांना आता यातून सुटका नाही. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनुसार, जी नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली, अशा ठिकाणी तक्रार निवारण समिती हवी. तीत मालक व कामगार यांचे प्रतिनिधी समसमान, एकूण जास्तीत जास्त दहा, अध्यक्षपद आळीपाळीने, आणि तक्रारीचा निकाल तीस दिवसांत. कामगारांच्या बाजूची नावे मात्र मुकादमाकडून मागवू नयेत.