चाक धरून ठेवतं कोण?

निपाणीच्या एका वाचकांनी प्रश्न पाठवलाय. घरात वडिलांच्या वेळची महिंद्राची जीप आहे, सीजे-३बी. हौसेने तिला रुंद टायर बसवले आणि आता स्टिअरिंग पूर्ण कापलं की पुढचा टायर आतल्या पाट्यांना घासतो. टायरवाला म्हणतो, हब आणि रिमच्या मध्ये स्पेसर म्हणजे धातूची चकती टाका, चाक इंचभर बाहेर येईल, फक्त स्टड लांब घालावे लागतील. दुसरा मेस्त्री म्हणतो, असलं काही केलंत तर तवंदी घाट उतरताना चाक गाडीच्या पुढे पळताना दिसेल. ऐकायचं कोणाचं?

दोघांचंही थोडं थोडं. पण त्याआधी चाक गाडीला नेमकं कशामुळे चिकटून राहतं ते पाहायला हवं, कारण याबाबत गॅरेजमध्येच नव्हे, इंजिनिअरिंगच्या वर्गातही बरेच गैरसमज आहेत. सर्वसाधारण समजूत अशी की गाडीचं वजन त्या पाच स्टडवर टांगलेलं असतं आणि स्टड जाड असले की काम भागतं. प्रत्यक्षात नट नीट आवळलेले असतील तर स्टडवर आडवं वजन जवळजवळ येतच नाही. निपाणीत विड्यांचं बंडल बांधताना कुणी पाहिलं असेल तर त्याला हे पटकन कळेल. दोरा घट्ट असला तर मधली एक विडी ओढून निघत नाही. तिला दोऱ्याने बांधलेलं नसतं, दोरा तिला स्पर्शही करत नाही. शेजारच्या विड्यांनी दाबून धरलेलं असतं. दोरा सैल पडला की सगळ्या विड्या घरंगळतात. स्टडचं काम त्या दोऱ्याचं आहे. तो रिमला हबवर दाबतो आणि त्या दाबातून निर्माण होणारं घर्षण गाडी पेलतं.

किती दाब? जुन्या जीपचा स्टड अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिलिमीटरचा. अर्ध्या मीटरच्या पान्याच्या टोकाला वीस किलोचा जोर लावला की साधारण १०० न्यूटन-मीटर टॉर्क होतो. त्यातला नव्वद टक्के आट्यांतल्या आणि नटाखालच्या घर्षणातच खर्च होतो. तरी उरलेल्या दहा टक्क्यांत स्टडमध्ये जवळपास चार टनांचा ताण येतो. पाच स्टडचे वीस टन. पोलादावर पोलादाचं घर्षण अगदी कंजूषपणे ०.१५ धरलं तरी प्रत्येक चाकाला तीन टनांची पकड मिळते. रिकामी जीप सगळी मिळून टनाच्या आसपास भरते! हे गणित पहिल्यांदा करणारा विद्यार्थी हमखास दशांश चिन्ह तपासून पाहतो.

आता गंमत पुढे आहे. चार टनांच्या ताणाने स्टड लांब होतो. किती, ते त्याच्या ताणल्या जाणाऱ्या लांबीवर अवलंबून. हब आणि नट यांच्यामध्ये १५ मिलिमीटर स्टड असेल तर तो सुमारे २८ मायक्रॉन ताणला जातो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन. म्हणजे सारी मदार केसाच्या निम्म्याहून कमी लांबीच्या ताणावर. गाडी चालू लागली की दाबलेल्या पृष्ठभागांवरचे सूक्ष्म उंचवटे चेपतात, दहा-बारा मायक्रॉन सहज बसतात, आणि तेवढ्यात ताणाचा तिसरा हिस्सा गायब होतो. पंचवीस मिलिमीटरचा स्पेसर घालून स्टडची ताणली जाणारी लांबी ४० मिलिमीटर केली, तर त्याच ताणाला तो ७४ मायक्रॉन लांबतो. आता दहा-बारा मायक्रॉन गेले तरी सातवा हिस्साच गेला. लांब स्टड कमजोर असणार असं आपल्याला वाटतं. ताण टिकवण्यात तो उलट सरस ठरतो. टायरवाल्याच्या बाजूने एवढं बोलायलाच हवं.

मेस्त्रीच्या बाजूने बोलण्यासारखंही पुष्कळ आहे. स्पेसर घातला की जिथे एक सांधा होता तिथे दोन होतात आणि चेपणारे पृष्ठभाग वाढतात. त्यात आपल्याकडे जुनी गाडी सजवायची म्हणजे आधी रंग. रिमला रंग, हबला रंग, स्पेसरला त्याहून चकचकीत रंग. पावडर कोटिंगचा एक थर ६० ते ८० मायक्रॉनचा असतो. स्टड ताणला गेलाय ७४ मायक्रॉन आणि मध्ये तेवढ्याच जाडीचा मऊ प्लास्टिकसारखा थर बसलाय, जो उष्णतेने आणि दाबाने हळूहळू पातळ होणार. गाडी प्रदर्शनात उभी करायची असेल तर ठीक. रस्त्यावर न्यायची असेल तर हब आणि रिम जिथे भेटतात तिथे उघडा, स्वच्छ धातू हवा. गंजही नको आणि ग्रीसही नको.

आणि सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे मूळ स्टड तसेच ठेवून आठ मिलिमीटरची चकती आत सरकवणं. या स्टडवर इंचाला वीस आटे असतात, म्हणजे दर १.२७ मिलिमीटरला एक. नटाने किमान स्टडच्या जाडीएवढं अंतर आट्यांत शिरावं हा जुना नियम, म्हणून नट पूर्ण दहा फेरे फिरायला हवा. आठ मिलिमीटरच्या चकतीने त्यातले सहा फेरे खाल्ले. उरलेल्या चारांवर चार टन. बाहेरून नट आवळलेला दिसतो, पानाही घट्ट लागतो, आणि आतले आटे सोलले जायच्या बेतात असतात.

वाचकांच्या जीपमध्ये आणखी एक भानगड असू शकते, आणि ती मला मनापासून आवडते. जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. स्टडच्या टोकावर बऱ्याचदा इंग्रजी ‘एल’ कोरलेला असतो. तो न पाहता नेहमीच्या दिशेने जोर लावून स्टड तोडणाऱ्या टायरवाल्यांच्या पिढ्या होऊन गेल्या. हे उलटे आटे कशासाठी? नट जरासा सैल झाला की तो आपल्या भोकात गोल गोल रेलत जातो, कारण चाक फिरतं तशी वजनाची दिशा चाकाच्या हिशेबाने फिरत राहते. आत रेलणारी वस्तू मग उलट दिशेने इंचाइंचाने वळते. डाव्या चाकावर ही दिशा नेमकी सुलट्या आट्याचा नट सोडवणारी असते. सायकलच्या डाव्या पेडलला उलटे आटे असतात तेही याच कारणाने.

सायकलचा विषय निघालाच आहे तर बेळगावकरांनी जरा ताठ बसावं. राइट बंधूंनी अमेरिकेत डेटन गावी सायकलचा धंदा सुरू केला १८९२ मध्ये. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ते आपल्या सायकलींच्या डाव्या पेडलच्या उलट्या आट्यांची जाहिरात करत होते. त्यांच्या आधी चार वर्षं, १८८८ मध्ये, लक्ष्मणराव आणि रामूअण्णा किर्लोस्कर या भावांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं होतं. लक्ष्मणराव मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकवायचे आणि तिथून सायकली पाठवायचे. रामूअण्णा इथे त्या विकायचे आणि लोकांना चालवायला शिकवायचे. तिकडचं दुकान विमानाकडे गेलं, इकडचं लोखंडी नांगराकडे आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडीकडे. आपण राइट बंधूंचा धडा शाळेत शिकवतो. किर्लोस्कर रोडवरून जाणाऱ्या किती मुलांना त्या रस्त्याचं नाव तसं का, हे ठाऊक असतं, कोण जाणे.

पण उलटे आटे हा उपाय झाला, निदान नव्हे. निदान केलं गेऱ्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने, १९६९ मध्ये, म्हणजे चंद्रावर माणूस उतरला त्या वर्षी. त्याआधी संशोधक बोल्टला त्याच्या लांबीच्या दिशेने हादरे देऊन पाहत आणि नट फारसा सुटत नाही असं नोंदवत. युंकरने जोडलेल्या दोन पट्ट्या आडव्या, मागेपुढे सरकवणारं यंत्र बांधलं. पट्ट्या किंचित घसरायला लागल्या की आट्यांमधलं घर्षणही त्या आडव्या हालचालीत गुंतून जातं, आणि नटाला फिरण्यापासून अडवणारं काही उरत नाही. आट्यांचा उतार त्याला आपोआप सोडवतो. काहीशे हेलकाव्यांत नट हाताने फिरेल इतका सैल. घसरण झालीच नाही तर मात्र नट सुटत नाही, मग आटे कोणत्याही दिशेचे असोत. विमानापासून रेल्वेपर्यंतचे सांधे आज ज्या चाचणीतून जातात तिला युंकरचं नाव आहे, पण पाठ्यपुस्तकांत तो कुठेतरी तळटीपेत असतो.

त्याच चाचणीत स्प्रिंग वॉशरचं पितळ उघडं पडलं. तो कापलेला, पिळलेला वॉशर नट सुटू देत नाही अशी जगभर श्रद्धा होती. यंत्रावर ठेवल्यावर तो काही मदत करत नाही असं दिसलं. कधी कधी तर त्याच्याशिवायच नट जास्त टिकला. जर्मनीने आपल्या मानकांतून तो काढून टाकला. आपल्याकडे मात्र हार्डवेअरच्या दुकानात तो आजही किलोवर मिळतो आणि ‘सेफ्टीसाठी’ म्हणून स्पेसरबरोबर मोफत दिला जातो. चाकाच्या नटाखाली तो घालू नये. नटाची शंकूसारखी बाजू रिमच्या तशाच खोलग्यात थेट बसायला हवी. मधली जागा संपवणारा हा शंकू आला म्हणूनच पुढे बहुतेक कारखान्यांनी उलटे आटे सोडले. क्रायस्लरसारखे हट्टी लोक १९७०च्या आसपासपर्यंत ते घालत राहिले.

लांब स्टड बाजारात बहुधा सुलट्या आट्यांचेच मिळतात. म्हणजे वाचकांनी बदल केला तर डाव्या बाजूचं ते जुनं कवच जाणार आणि सगळा भरवसा आवळण्यावर येणार. स्टडचा दाते असलेला भाग हबच्या भोकात दाबून बसतो. तो व्यास जुळला नाही तर स्टड तिथेच गरागरा फिरेल. मुंड्यावर १०.९ असा आकडा हवा. पहिल्या आकड्याचा अर्थ एक हजार मेगापास्कलला तुटतो, दुसऱ्याचा अर्थ त्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत ताणून सोडला तर पूर्ववत होतो. आकडाच नसलेला स्टड कितीही चमकला तरी परत करावा.

स्पेसर करून घ्यायला आपल्या भागाइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. बेळगावच्या उद्यमबागेत लेथ आहेत, फाउंड्री आहेत, आणि हत्तरगीला तर एअरबस-बोइंगचे सुटे भाग तयार होतात. सोय हाच धोका. भंगार अ‍ॅल्युमिनियम वितळवून ओतलेली चकती आणि दर्जाची खात्री असलेल्या पट्टीतून कापलेली चकती कातल्यावर सारखीच दिसते, पण ओतीव चकतीच्या पोटात हवेची पोकळी असेल तर तडा तिथूनच सुरू होतो. शिवाय दोन्ही बाजू एकमेकींना समांतर हव्यात आणि मधलं भोक हबच्या गोलाला घट्ट बसायला हवं. टर्नर चांगला असेल तर त्याला हे सांगावं लागत नाही. मिलिमीटरचा शंभरावा भाग तो हाताने ओळखतो.

सांधा निर्दोष झाला तरी इंच तो इंचच. मूळ चाकाचं वजन दोन बेअरिंगांच्या मधोमध पडावं अशी रचना असते. चाक बाहेर सरकलं की बाहेरच्या बेअरिंगवर बोजा वाढतो. त्याहून जाणवतं ते स्टिअरिंगला. चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो जमिनीला जिथे भेटतो, तिथून टायरचा मध्य आता एक इंच जास्त लांब गेला. एकच चाक खड्ड्यात गेलं की स्टिअरिंग हाताला फटका देणार, आणि एका बाजूचा ब्रेक जास्त लागला की गाडी तिकडे ओढणार. वेगळ्या ऑफसेटचं, म्हणजे मुळातच चाक बाहेर ठेवणारं रिम घेतलं तरी हा तोटा तसाच राहतो, फक्त जादा सांधा टळतो. म्हणून वाचकांना माझा पहिला सल्ला अगदी फुकटचा आहे: पुढच्या एक्सलवर स्टिअरिंग किती कापलं जावं हे ठरवणारा स्टॉपचा बोल्ट असतो, तो थोडा बाहेर काढून पाहा. गाडी वळायला जागा जास्त घेईल, पण घासणं थांबेल.

तरीही स्पेसरच हवा असेल तर आधी कायदा. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत बदल करण्याबाबत कडक आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ तपशिलाला धक्का लावू नये असंच बजावलं. तेव्हा आरटीओत विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. बसवल्यावर नट टॉर्क पान्याने, आट्यांना तेल न लावता, एकाआड एक असे आवळा. तेल लावलं तर तेवढ्याच टॉर्कला ताण बराच जास्त जातो. बेळगावात बसवले असतील तर निपाणीला पोचेपर्यंत पाऊणशे किलोमीटर होतात, पृष्ठभाग चेपायचे तेवढे चेपलेले असतात. चाकं गार होऊ द्या आणि तिथे पुन्हा टॉर्क तपासा. आणि कधी एखादा स्टड तुटलाच तर त्या चाकाचे पाचही बदला. तो तुटण्याआधी सैल झाला होता, आणि त्याच्या वाटणीचे हेलकावे बाकीच्या चौघांनी किती किलोमीटर सोसले ते बाहेरून दिसत नाही.