मजुरीचा पैसा आणि मागे राहिलेले घर

खरिपाचे धान्य कणगीत पडले, दिवाळी सरली, की दाहोद, २०१३ पर्यंत वडोदरा जिल्ह्यातच असलेला छोटा उदेपूर आणि सीमेपलीकडचा झाबुआ-अलिराजपूर या भागांतील आदिवासी बांधव कामासाठी वडोदऱ्याची वाट धरतात. बाजाराला जाताना सकाळी नाक्यावर उभे असलेले हे मजूर आपण पाहतो. त्यांच्या मागे घरी काय चालते, याचा विचार आपण फारसा करीत नाही.

घरी पैसा जातो, हे खरे. पूर्वी मनीऑर्डर जाई, आता फोनवरून जातो, नाही तर परतणाऱ्या शेजाऱ्याच्या हाती. परंतु पुष्कळ वेळा बी-खतासाठी, आजारपणासाठी किंवा लग्नासाठी मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. मग मजुरी त्या देण्यातच वळती होते आणि घरच्या बाईच्या हाती मीठ-तेलापुरते उरते. गुरे, शेत, म्हातारी माणसे, मुले सारे तिच्यावर. सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावे. म्हणून पीककर्ज तिला मिळणे कठीण. पेरणीच्या तोंडावर ती पुन्हा सावकाराच्या दारी!

कधी पैशाबरोबर आजारही घरी येतो. वडोदऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर गोध्रा भागात गारगोटीचा दगड दळणारे कारखाने आहेत. अलिराजपूर, झाबुआ, धार येथून तेथे गेलेल्या मजुरांच्या फुप्फुसांत ती बारीक धूळ बसली आणि त्यांना सिलिकोसिस जडला. खोकला, धाप, अंग झडणे ही लक्षणे क्षयासारखीच. म्हणून क्षयाचीच औषधे चालू राहतात. या रोगाने झालेली फुप्फुसांची हानी कोणत्याही औषधाने भरून येत नाही. कमावता माणूस खाटेला खिळतो आणि त्याने पाठवलेल्या पैशाच्या कितीतरी पट खर्च औषधपाण्यावर होतो.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१० साली अशा २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याची शिफारस गुजरात सरकारला केली. सर्वोच्च न्यायालयाचा आदेश निघाला मे २०१६ मध्ये. मजुरीतून एवढी रक्कम त्या घरांनी एकदम कधी पाहिली नसेल. पाहिली ती अशी.

म्हणून काही गोष्टी घरात बोलून ठेवाव्यात. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर थुंकी व छातीचा फोटो तपासून घ्यावा आणि धुळीचे काम कोठे, किती महिने केले ते डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. क्षयच निघाला तर सरकारी दवाखान्यातील मोफत औषध गाव बदलले तरी पुढे चालू ठेवता येते. मध्येच सोडू नये. आता एकाच रेशनकार्डावर बाहेरगावी गेलेला माणूस आपला वाटा तेथे घेऊ शकतो व उरलेले धान्य घरची माणसे गावी उचलू शकतात. दुकानदाराला तसे विचारावे.

आणि कारखान्याचे नाव, मुकादमाचा फोन, कामाला लागल्याची तारीख हे सारे घरच्या बाईच्या वहीत लिहिलेले असावे. गोध्र्याच्या मजुरांपैकी अनेकांजवळ आपण तेथे काम केले हे दाखवणारा कागदाचा कपटाही नव्हता.