प्लग बदलला, तरी गाडी मुकीच

छत्रपती संभाजीनगरात डिसेंबरच्या सकाळी हर्सूल तलावाकडून गारठा येत असतो आणि जळगाव रस्त्यालगत कुणीतरी जुन्या मोटारसायकलला किका मारून घामाघूम झालेलं असतं. बघ्यांचं निदान तयार असतं : "प्लग गेलाय." याच शहराशेजारी वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे. निदान इथे तरी जरा बरं निदान ऐकू यावं!

प्लग खराब होतच नाही, असं नाही. चिनी मातीला तडा जातो, टोक झिजतं. पण बहुतेक वेळा काळा पडलेला प्लग हा दोषी नसून साक्षीदार असतो, आणि त्यालाच फेकून देतात. नासलेल्या दुधासाठी पातेलं बदलावं, तसलाच हा प्रकार. नवा प्लगही काही दिवसांत काळा पडतो.

त्यापेक्षा सात-आठ किका मारून प्लग काढावा आणि बघावा. कोरडा, स्वच्छ असेल तर पेट्रोलच पोचत नाही : कॉक, टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र किंवा महिनोन्महिने उभ्या गाडीत चिकटा धरून बुजलेला कार्ब्युरेटरचा जेट. पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल येतंय, पण पेटत नाही. किंवा चोक ओढून इतक्या किका मारल्यात की इंजिन बुडालंय. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. आधी एअर फिल्टर उघडा. फोर-स्ट्रोकमध्ये प्लग तेलकट दिसला तर रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील संपत आलेत, आणि त्यावर प्लग हा इलाज नव्हे.

मग पुढचा युक्तिवाद येतो : "हेडला टेकवून पाहिलं, ठिणगी पडते, म्हणजे करंट ठीक." नाही! दाबलेल्या हवेत ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. फ्रीडरिश पाशेन यांनी १८८९ मध्येच हे मांडलं. बाहेर पिवळट, मरतुकडी ठिणगी देणारी कॉइल सिलिंडरच्या आत हात टेकते. ठिणगी निळी आणि कडक हवी. ही परीक्षा प्लगच्या भोकापासून लांब करावी, तिथून पेट्रोलची वाफ येते.

हल्ली सगळा दोष पेट्रोलमधल्या इथेनॉलवर ढकलायची सोय झाली आहे. यात अर्धं तथ्य आहे. पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं की काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग, गॅस्केट बदलावे लागू शकतात. पण बुजलेला जेट इथेनॉलच्या आधीही बुजतच होता.

बॅटरी उतरली म्हणून किक लागत नाही? जुन्या स्प्लेंडरसारख्या गाड्यांत ठिणगीचा करंट मॅग्नेटोतून येतो, बॅटरीचा संबंध नाही.

टॅपेट अगदी शांत, म्हणजे इंजिन उत्तम? टॅपेटची फट फार कमी झाली तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन निसटतं आणि किक हलकी लागते. ती फट थंड इंजिनवर फीलर गेजने मोजायची असते, कानाने नाही.