मिक्सिंगची ओळख (भाग ७) : आघात आधी जाऊ द्या

मागच्या भागात कॉम्प्रेसरचे थ्रेशोल्ड आणि रेशो पाहिले. थ्रेशोल्ड उणे २० डेसिबल, रेशो ४:१ आणि आवाज उणे १२ पर्यंत चढला, तर वरच्या ८ डेसिबलचे २ उरतात. ६ दाबले जातात. हे गणित पाठ असलेला विद्यार्थीही तबल्याचा ट्रॅक हाती आला की तो निर्जीव करून ठेवतो. कारण किती दाबायचं यापेक्षा कधी दाबायचं, हा प्रश्न मोठा आहे. त्याचं उत्तर अटॅक आणि रिलीज या दोन खुंट्यांत आहे.

थ्रेशोल्ड ओलांडल्यावर दाब बसायला लागणारा वेळ म्हणजे अटॅक. चाटेवरचा ‘ना’ नीट ऐका. बोटाचा टणक आघात काही मिलिसेकंदांत संपतो, मागे आस रेंगाळते. अटॅक १ मिलिसेकंदाच्या आत ठेवला की आधी हा आघातच चिरडला जातो आणि तबला भिंतीपलीकडे वाजल्यासारखा मागे सरकतो. तोच ३० मिलिसेकंद करा. आघात सहीसलामत निसटतो, दाब बसतो तो आसेवर, आणि बोल सुटे, टवटवीत ऐकू येतात.

दाब सुटायला लागणारा वेळ म्हणजे रिलीज. तो लांबला, तर जोरकस थापेनंतरचे नाजूक बोलही दबलेलेच राहतात. फार आखूड केला, तर डग्गा बिघडतो. ५० हर्ट्झच्या लहरीचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं. अटॅक आणि रिलीज दोन्ही त्याहून बरेच कमी असले, तर कॉम्प्रेसर एकाच लहरीच्या आत दाबतो आणि सोडतो. लहरीचा आकार मोडतो, घुमाऱ्यात खरखर येते.

जुनी यंत्रं आजही प्रिय आहेत ती बरीचशी या दोन वेळांमुळे. बिल पटनम यांच्या ११७६ चा अटॅक २० ते ८०० मायक्रोसेकंद, म्हणजे सर्वांत संथही १ मिलिसेकंदाच्या आत! (खुंटी उजवीकडे फिरवली की वेग वाढतो, हे लक्षात असू द्या.) जिम लॉरेन्स यांच्या एलए-२ए ला या खुंट्याच नाहीत. आवाजाच्या जोरानुसार आत एक प्रकाशपट्टी उजळते आणि त्या उजेडाने समोरच्या घटकाचा विद्युत रोध बदलून आवाज दबतो. अटॅक सुमारे १० मिलिसेकंद. सुटताना निम्मा दाब ६० मिलिसेकंदांत जातो, उरलेला ओसरायला कधी कित्येक सेकंद लागतात. गाणाऱ्या गळ्यावर तो इतका सहज बसतो, ते यामुळे. अनेक इंजिनिअर आधी ११७६ ने टोकं उतरवतात, मग एलए-२ए लावतात.

भरगच्च वाद्यमेळातल्या चित्रपटगीताला हे हवंच, नाहीतर शब्द बुडतात. ख्यालाला मात्र मी कॉम्प्रेसर जपून लावतो. कुजबुजत्या खर्जापासून खुल्या तानेपर्यंतचं अंतर हेच तिथलं संगीत आहे. आधी फेडर हाताने सांभाळावा, मग फार तर २:१, आणि दाब २-३ डेसिबलपुरता.

या आठवड्यात एकच तबला दोन अटॅकवर ऐका. मेकअप गेनने दोन्हींची पातळी कानाला सारखी करा, कारण जे मोठं वाजतं तेच चांगलं वाटतं. मीटरकडे नंतर पाहा. पुढच्या भागात गायनातल्या ‘स’ची शिट्टी आणि डी-एसर.