मे महिना आणि पावणेसहाशे वॅट

सकाळी साडेदहा. सिडकोतल्या कॅनॉटच्या बाजारात दुकानं मुळातच उशिरा उघडतात, पण मे महिन्यात धूळ काढायची कामं मी ऊन तापायच्या आत गॅलरीत उरकतो. काल रात्री दुरुस्तीला आलेली कॉम्प्युटरची दोन कॅबिनेट उघडली. ब्लोअर मारताना ग्राफिक्स कार्डाचा पंखा बोटानं धरून ठेवायचा, कारण हवेच्या झोतानं तो बेफाम फिरला की बेअरिंगची वाट लागते. पात्यांखाली अॅल्युमिनिअमच्या पातळ पट्ट्यांची दाट रांग असते. आपल्याकडच्या रस्त्यांची बारीक धूळ तिथं जाऊन अशी बसते की तिचे पापुद्रे निघतात. ‘कार्ड गेलं’ म्हणून आलेली निम्मी कार्डं हे पापुद्रे काढल्यावर सरळ चालतात.

बारा वाजता बाप-लेक आले. मुलानं महिनाभर आधीच सांगून ठेवलेलं आरटीएक्स 5090 ग्राफिक्स कार्ड आज आलं होतं. खोका उचलतानाच वडील दचकले. पंख्यांसकट हे कार्ड दोन किलोच्या पुढे भरतं.

‘‘भाऊ, एवढ्यात नवी बुलेट येती की.’’

येते. 2025 च्या जानेवारीत ते बनवणाऱ्या एनव्हिडियानं भारतासाठी जाहीर केलेली किंमतच 2,14,000 रुपयांपासून होती, आणि इतर कंपन्यांची तीन पंख्यांची कार्डं त्याहून वर जातात. मुलगा ‘‘पप्पा, ब्लेंडरला लागतं’’ म्हणाला. मी काही बोललो नाही. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरला ते लागतं हे खरंच आहे, पण त्याच्या हातातला गेमचा कंट्रोलर मी पाहिला होता.

‘‘पण ह्याच्यात असं आहे तरी काय?’’

हा प्रश्न मला आवडतो. कार्ड उघडून दाखवता येत नाही, वॉरंटी जाते. म्हणून वहीच्या पानावर काढून दाखवलं. मधोमध साडेसातशे चौरस मिलिमीटरची एक चिप, म्हणजे जेमतेम पोस्टाच्या तिकिटाएवढी. तिच्यात 9,220 कोटी ट्रान्झिस्टर आणि चित्राचा हिशेब करणारे 21,760 छोटे कोअर. भोवती मेमरीच्या सोळा चिपा, प्रत्येकी दोन जीबी, म्हणून 32 जीबी. एनव्हिडियाचं मोठं केंद्र आपल्या पुण्यातही आहे, चिप मात्र तैवानमध्ये तयार होते. बाकी जे दोन किलोचं धूड दिसतं, ते सगळं या तिकिटाएवढ्या तुकड्याची उष्णता बाहेर काढण्यासाठी. तांब्याच्या बंद पोकळीत थोडंसं पाणी असतं. चिपेवर त्याची वाफ होते, ती पसरून थंड होते आणि पाणी परत फिरतं. तिथून उष्णता पट्ट्यांत जाते आणि पंखे ती हवेत सोडतात.

म्हणजे शेवटी खोलीत! पूर्ण जोरात हे कार्ड 575 वॅट खातं, अर्ध्याहून जास्त इस्त्रीच ती. बाहेर पारा चाळिशीपार असताना बंद खोलीत चार तास खेळ चालला तर पंख्यांना ओढायला हवाच गरम मिळते. परदेशातल्या चाचण्यांत जे तापमान दिसतं ते वीस-बावीस अंशांच्या खोलीतलं असतं. आपल्याकडे त्यात पुष्कळ मिळवूनच वाचावं.

दीड ते तीन जोडणी. मुलानं जुना 750 वॅटचा पॉवर सप्लाय सोबत आणला होता. मी तो बाजूला ठेवला. 1000 वॅट हवाच, कंपनीही तेच सांगते. वीज येते 12 व्होल्टवर, म्हणजे साधारण 48 अँपिअर. ते सहा तारांत वाटले तर एकेकीवर आठ. पिनेची मर्यादा नऊ-साडेनऊ. सवड एवढीच. एखादी पिन सैल बसली तर तिचा भार बाकीच्या पिनांवर पडतो. म्हणून प्लग ‘टक्’ होईपर्यंत दाबायचा, मग बॅटरी मारून फट राहिली नाही ना ते बघायचं, आणि तार लगेच मुरडायची नाही. शेवटी कार्डाखाली टेकू लावला, नाहीतर या वजनानं मदरबोर्डाचा स्लॉट वाकतो.

चार वाजता दुसऱ्याच एका गिऱ्हाइकाचा फोन. ‘‘दादा, नवीन कार्डाचा पंखाच फिरत नाही.’’ गेम चालू केलाय का, विचारलं. नाही म्हणे. कार्ड गार असताना पंखे मुद्दाम बंद राहतात. आठवड्यातून एकदा तरी हा फोन येतोच.

साडेपाचला एकजण मागच्या पिढीचं कार्ड घेऊन आला. सॉकेटच्या एका कोपऱ्यातलं काळं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलेलं, पिनेवर काजळी. 2022 च्या अखेरीस अशा तक्रारी जगभर आल्या. प्लग पूर्ण न बसणं हे कारण कंपनीनं दिलं आणि पुढे सॉकेटच्या रचनेत बदल झाला. याच्या कॅबिनेटची काच तारेला घासत होती, तार दाबून आत कोंबलेली. काच बसावी म्हणून दीड लाखाच्या वस्तूचा जीव धोक्यात घालायचा, हे मला कधीच पटलेलं नाही.

सात. बाप-लेकाच्या मशीनवर सायबरपंक हा गेम लावून तपासणी. मुलाचे डोळे फ्रेम्सच्या आकड्यावर. डीएलएसएस 4 सुरू केलं की आकडा दुप्पट-तिप्पट होतो, कारण चारातल्या तीन फ्रेम गेम काढतच नाही, कार्ड अंदाजानं बनवतं. चित्र गुळगुळीत होतं, पण बटण दाबल्यावरचा प्रतिसाद खऱ्या फ्रेम्सच्याच वेगानं येतो. मी ते बंद करून आधी खरा आकडा दाखवला. तो त्याला फारसा आवडला नाही.

तेवढ्यात वळवाचं वारं सुटलं आणि लाइट गेली. दुकानाच्या मोठ्या यूपीएसवर मशीन तगलं. घरी एक केव्हीएचा यूपीएस आहे, मुलगा म्हणाला. तो बहुधा सहाशे वॅटच देतो, या मशीनला पुरायचा नाही. वडिलांनी कपाळाला हात लावला, मग विचारलं, ‘‘अजून काय राहिलंय?’’ मी म्हटलं, खिडकी. कॅबिनेट टेबलाखालच्या कप्प्यात कोंडू नका.

साडेनऊला शटर.

असं कार्ड घेण्याचं मनात असेल, तर निघण्याआधी दोन कामं करा. कॅबिनेटची आतली लांबी टेपनं मोजा आणि पॉवर सप्लायवरच्या लेबलचा फोटो काढून आणा. बजेट कमी पडत असेल तर कार्ड एक पायरी खालचं घ्या. पॉवर सप्लाय खालचा नको.